गोळी जंतू मारते की प्रतिकारशक्ती दाबते?

कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका गावातून एका आईंचं लांबलचक पत्र आलं आहे. ओळख पटेल असा मजकूर वगळून त्याचा गोषवारा असा:

घरची शेती आहे, गोठ्यात सात जनावरं आहेत, दूध डेअरीला जातं. थोरला मुलगा २४ वर्षांचा. चार वर्षांपूर्वी त्याच्या पोटात कळा यायला लागल्या, जुलाब आणि बारीक ताप सुरू झाला, वजन अकरा किलोनं उतरलं. आतड्याचा टीबी समजून त्याला एकेटीचा, म्हणजे टीबीच्या औषधांचा पूर्ण कोर्स दिला गेला. सुरुवातीला बरं वाटलं, पण गोळ्या संपायच्या आतच दुखणं परतलं. पुन्हा दुर्बिणीनं तपासणी झाली आणि क्रोन्स डिसीजचं, म्हणजे आतड्याला वारंवार सूज आणणाऱ्या आजाराचं निदान झालं. काही महिने स्टिरॉइड आणि मग ॲझाथायोप्रिन, ही प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी. गेले चौदा महिने तो या गोळीवर आहे. वजन भरून आलं आहे, तो कामावर जाऊ लागला आहे.

मध्यंतरी मायक्रोबायोलॉजी शिकणारा पुतण्या सुट्टीला आला. गाईगुरांना जोन्स रोग ज्या जंतूमुळे होतो तोच जंतू क्रोन्सच्या काही रुग्णांत सापडतो आणि ॲझाथायोप्रिन त्या जंतूची वाढ प्रयोगशाळेत रोखते, असं त्यानं सगळ्यांना वाचून दाखवलं. म्हणजे गोळीचा गुण येतो तो जंतू मरतो म्हणून. मग प्रतिकारशक्ती दाबणारं औषध कशाला, सरळ अँटिबायोटिक द्यावं, असं त्याचं म्हणणं. ते मुलाच्या वडिलांना आणि काकांना पटलं आहे. डॉक्टरांना विचारलं तर ‘असलं वाचत बसू नका’ एवढंच उत्तर मिळालं.

ताईंना आणखी एक गोष्ट छळते आहे. दोन वर्षांपूर्वी गोठ्यातली एक गाय चारा-वैरण नीट खाऊनही सतत पातळ शेण टाकत वाळत गेली आणि मेली. आणि मुलगा लहानपणापासून धारोष्ण दूध पिऊन वाढला आहे. ‘मीच माझ्या हातानं पेला भरून द्यायचे,’ असं त्या लिहितात. त्यांचे प्रश्न दोन: गोळी बंद करून अँटिबायोटिक सुरू करावं का? आणि हे दुखणं आमच्या गोठ्यातून आलं का?

ताई,

तुम्ही दोन प्रश्न लिहिलेत, पण पत्र वाचताना मला तिसराही दिसला. तो तुम्ही विचारलेला नाही. त्याच्याकडे शेवटी येते. त्याआधी एक गोष्ट स्पष्ट सांगते, म्हणजे पुढचं सगळं निवांत वाचता येईल. घरात कुणाचं काहीही मत पडलं तरी ॲझाथायोप्रिन आपल्या मनानं बंद करू नका. ही गोळी थांबवली की दुसऱ्या दिवशी काही होत नाही. कित्येक आठवडे, कधी कधी महिने सगळं ठीक वाटत राहतं, आणि त्या ठीक वाटण्यामुळेच घरच्यांना आपला निर्णय बरोबर होता असं वाटतं. मग आतडं भडकतं. तोवर गोळी बंद केली होती हे कुणाच्या लक्षातही राहत नाही.

आता पुतण्याबद्दल. मी आयुष्यभर औषधशास्त्र शिकवत आले, आणि असा प्रश्न विचारणारा विद्यार्थी वर्गात असला की मला आनंद व्हायचा. त्यानं वाचलेलं खोटं नाही. २००७ साली न्यूयॉर्कमधल्या ब्रॉन्क्स इथल्या संशोधकांनी ६-मर्कॅप्टोप्युरिन आणि मेथोट्रेक्सेट ही दोन औषधं जोन्स रोगाच्या जंतूवर वापरून पाहिली. दोन्हींनी त्याची वाढ रोखली. पुढच्याच वर्षी विस्कॉन्सिन विद्यापीठात ॲझाथायोप्रिनबद्दलही हेच दिसलं. ॲझाथायोप्रिन शरीरात गेल्यावर तिचं ६-मर्कॅप्टोप्युरिनच होतं, त्यामुळे यात नवल नाही. मेसालाझिन, सायक्लोस्पोरिन, टॅक्रोलिमस या आतड्याच्या सुजेवर दिल्या जाणाऱ्या इतर औषधांवरही त्याच काळात तसेच प्रयोग झाले. डॉक्टरांनी हे दोन मिनिटं थांबून सांगितलं असतं तर तुमच्या घरातला वाद इतका वाढला नसता. ओपीडीत त्यांच्यापुढे किती गर्दी असते हे मला माहीत आहे, तरीही ‘वाचत बसू नका’ हे रुग्णाच्या आईला द्यायचं उत्तर नव्हे.

मुलाची गोळी जंतूवर परिणाम करते, इथपर्यंत पुतण्या बरोबर आहे. ‘म्हणून मुलगा बरा झाला’ ही त्याची पुढची उडी आहे, आणि माझा सगळा आक्षेप त्या उडीला आहे. तो समजावा म्हणून तुम्हाला दोन गोष्टी सांगते. दोन्ही खऱ्या घडलेल्या आहेत.

पहिली तुमच्या मुलाच्या गोळीचीच. १९४०च्या दशकात न्यूयॉर्कजवळच्या टकाहो इथल्या औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत जॉर्ज हिचिंग्ज आणि गर्ट्रूड एलियन काम करत होते. त्यांचा विचार साधा होता. कुठलीही पेशी वाढायची, एकीच्या दोन व्हायच्या, तर तिला डीएनए बनवावं लागतं आणि त्यासाठी प्युरिन नावाचा कच्चा माल लागतो. त्या प्युरिनसारखाच दिसणारा पण निरुपयोगी माल तिला दिला तर? जात्यात धान्यासारखा दिसणारा खडा टाकावा तसं. जातं अडेल. असे निरनिराळे खडे बनवून ते त्यांची परीक्षा कशावर घेत होते, माहीत आहे? लॅक्टोबॅसिलस केसाय नावाच्या जीवाणूवर. हा दुधा-चीजमधला जीवाणू, आपल्या विरजणातल्या जीवाणूंच्या भाऊबंदांपैकीच. या जीवाणूची वाढ अडवणाऱ्या पदार्थांमधूनच १९५०च्या सुमारास ६-मर्कॅप्टोप्युरिन पुढे आलं. मग ते उंदरांच्या गाठींवर चाललं, मग रक्ताचा कॅन्सर झालेल्या लहान मुलांवर, आणि १९५३ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. ते प्रतिकारशक्तीही आवरतं हे १९५९ साली सशांवरच्या प्रयोगात कळलं. त्यानंतर आली ॲझाथायोप्रिन, आणि १९६२ साली बोस्टनमध्ये तिच्या आधारानं मृत माणसाचं मूत्रपिंड दुसऱ्या माणसात रुजवता आलं. हिचिंग्ज आणि एलियन यांना १९८८ साली नोबेल मिळालं.

म्हणजे ही गोळी जीवाणूला अडवते ही तिची जन्मापासूनची खूण आहे. ‘जंतुनाशक’ आणि ‘प्रतिकारशक्ती दाबणारी’ ही आपण दुकानातल्या खणांवर लावलेली नावं. गोळीला ती माहीत नसतात. भराभर वाढणारी पेशी जीवाणूची असो, कॅन्सरची असो की सूज आणणारी पांढरी पेशी असो, तिचा कच्चा माल ती अडवते. किती अडवेल हे डोसवर आणि पेशीच्या जातीवर अवलंबून. मेथोट्रेक्सेटचंही तसंच. फोलिक ॲसिडचा वापर जिथे होतो ती पायरी ते अडवतं, आणि जीवाणूतली तीच पायरी अडवणारं ट्रायमेथोप्रिम हे अँटिबायोटिक हिचिंग्ज यांच्याच चमूनं शोधलं. २०१८ साली जर्मनीतल्या हायडेलबर्गमध्ये जवळजवळ १,२०० औषधं आतड्यातल्या ४० जातींच्या जीवाणूंवर एकेक करून तपासली गेली. माणसाच्या पेशींसाठी बनवलेल्या, अँटिबायोटिक नसलेल्या औषधांपैकी २४ टक्के औषधांनी निदान एका तरी जीवाणूची वाढ रोखली. त्यात मानसिक आजारांवरची औषधंही होती. त्यावरून ते मानसिक आजार जंतूमुळे होतात असं कुणी म्हटलं नाही.

दुसरी गोष्ट स्वीडनची. नाना स्वार्त्झ नावाच्या डॉक्टर बाई स्टॉकहोममध्ये प्राध्यापक होत्या. सांधेवात जंतूंमुळे होतो असा त्यांचा विश्वास. म्हणून त्यांनी जंतू मारणारं सल्फा औषध आणि सूज उतरवणारं सॅलिसिलेट यांचा जोड बनवून घेतला. तो जोड मोठ्या आतड्यात जखमा झालेल्या, म्हणजे अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या रुग्णांना फार लागू पडला, हे त्यांनी १९४२ साली प्रसिद्ध केलं. हेच सल्फासालाझिन, आजही आपल्याकडे लिहून दिलं जातं. गुण सल्फाचाच असणार असं पुष्कळांना वाटत राहिलं. पण १९७७ साली ऑक्सफर्डच्या डॉक्टरांनी जोडाचे दोन तुकडे वेगळे करून रुग्णांना एनिम्यातून दिले. गुण आला सॅलिसिलेटच्या तुकड्याचा. जंतू मारणारा तुकडा नुसता वाहक निघाला, औषध पोटात विरघळू न देता मोठ्या आतड्यापर्यंत पोचवणारा. आणि तिथे पोचल्यावर जोड तोडतात कोण? आतड्यातलेच जीवाणू. त्यांच्याशिवाय ते औषध कामच करत नाही.

याच्यापुढे आणखी एक वळण आहे. उरलेला तो तुकडा म्हणजे आजचं मेसालाझिन. २०१७ साली असं दिसलं की तेही जीवाणूंवर परिणाम करतं, पण वेगळ्या रीतीनं: संकटात तग धरायला जीवाणू जो साठा करून ठेवतात तो त्याला करू देत नाही. म्हणजे ‘जंतूंचा काही संबंध नाही’ असं डॉक्टर म्हणाले असतील तर तेही मला मान्य नाही. आतड्याच्या सुजेत जीवाणू, आतड्याचं अस्तर आणि आपल्या पेशी असं तिघांचं भांडण चाललेलं असतं. यातलं कुणी एक दोषी ठरवून मोकळं होता येत नाही, आणि औषध नेमकं कुणाचा हात धरतं हे काचेच्या बशीतून कळत नाही.

मग कशावरून कळतं? तुमच्या पुतण्याला मी पुढचे मुद्दे वर्गात विचारले असते.

ॲझाथायोप्रिन मूत्रपिंड रोपण झालेल्यांना देतात. तिथे कुठला जंतू मारायचा असतो? काहीच नाही, शरीरानं परक्या अवयवावर हल्ला करू नये एवढाच हेतू, आणि तो साधतो. म्हणजे प्रतिकारशक्ती आवरण्याचं काम ही गोळी माणसाच्या शरीरात, माणसाला देतात त्या डोसमध्ये, खरोखर करते. जंतू मारण्याचं काम त्या डोसमध्ये, आतड्याच्या भिंतीत, पेशीच्या आत लपून बसणाऱ्या जंतूवर ती करते का, याचा असा पुरावा नाही.

दुसरं. जोन्स रोगाचा जंतू टीबीच्या जंतूच्या नात्यातला. या घराण्यातल्या जंतूंना एकटं एक औषध दिलं की ते लवकरच त्याला दाद देईनासे होतात. म्हणून तर एकेटीत तीन-चार औषधं एकत्र देतात, हे तुमच्या मुलानं भोगलेलंच आहे. ॲझाथायोप्रिन मात्र एकटी वर्षानुवर्षं चालत राहते. मला हा मुद्दा वजनदार वाटतो.

तिसरं. इन्फ्लिक्सिमॅबसारखी इंजेक्शनं क्रोन्सवर गुणकारी आहेत, पण त्यांच्यामुळे अंगात झोपलेला टीबी उठतो हे २००१ सालीच लक्षात आलं. म्हणून आपल्याकडे ती देण्याआधी टीबीची तपासणी करतात. क्रोन्स जर मुळात टीबीच्या चुलतभावानं होत असता, तर या इंजेक्शनांनी तो चिघळायला हवा होता. बहुतेकांचा तो शमतो.

एक मुद्दा मात्र पुतण्याच्या बाजूनं मांडायला हवा. ॲझाथायोप्रिनला गुण यायला फार वेळ लागतो. १९८० साली छापून आलेल्या ६-मर्कॅप्टोप्युरिनच्या प्रसिद्ध चाचणीत सरासरी ३.१ महिने लागले होते. जोन्सचा जंतूही प्रयोगशाळेत वाढायला महिने घेतो. त्यामुळे ‘गोळी हळू चालते’ यावरून कुठलीच बाजू सिद्ध होत नाही. आणि हा संशय काही आजचा नाही. १८९५ साली ड्रेस्डेनमध्ये योने यांनी गुरांचा हा रोग वर्णन केला (त्यांच्या नावावरूनच आपले पशुवैद्य जोन्स म्हणतात), आणि १९१३ साली डॅल्झिएल नावाच्या स्कॉटिश सर्जननी माणसांच्या आतड्यातला तसाच आजार पाहून दोन्हींतलं साम्य नोंदवलं. न्यूयॉर्कच्या क्रोन यांनी त्याबद्दल लिहिलं ते १९३२ साली. तेव्हा हा प्रश्न विचारणाऱ्यांना वेड्यात काढायचं कारण नाही.

पण विचारलेल्या प्रश्नाची परीक्षाही झालेली आहे, आणि तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्या परीक्षेत आहे. ऑस्ट्रेलियात क्रोन्सच्या २१३ रुग्णांवर चाचणी घेतली गेली. निष्कर्ष २००७ साली आले. निम्म्यांना दोन वर्षं क्लॅरिथ्रोमायसिन, रिफाब्युटिन आणि क्लोफॅझिमिन ही तीन औषधं दिली, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या गोळ्या. सुरुवातीचे १६ आठवडे सगळ्यांना स्टिरॉइडही होतं. सोळाव्या आठवड्याला अँटिबायोटिक घेणाऱ्यांपैकी ६६ टक्के जणांचा आजार शांत होता, दुसऱ्या गटात ५० टक्के जणांचा. हा फरक खरा होता. पण पुढे वर्षाला, दोन वर्षांना आणि औषधं थांबवून आणखी वर्षानं पाहिलं तेव्हा आजार उलटण्यात दोन्ही गटांत ठोस फरक राहिला नव्हता. चाचणीवर आक्षेप आहेत: डोस कमी होते, आतड्यात जंतू आहे की नाही हे न पाहताच सगळ्यांना औषध दिलं. ते आक्षेप रास्त आहेत. तरीही, चौदा महिने ज्या औषधावर मुलगा बरा आहे ते काढून, ज्याचा गुण टिकल्याचं दिसलं नाही ते द्या, असं मी माझ्या पोटच्या पोराच्या बाबतीत म्हणणार नाही आणि तुमच्याही म्हणणार नाही.

तुमच्या घरात याचा एक अनुभव आधीच येऊन गेलाय. एकेटीनं मुलाला सुरुवातीला बरं वाटलं होतं. आपल्या देशात हे क्रोन्सच्या पुष्कळ रुग्णांच्या बाबतीत घडतं. कळा आणि ताप कमी होतो, पण दुर्बिणीतून पाहिलं तर जखमा तशाच असतात, आणि त्या मधल्या महिन्यांत आतडं आक्रसत जातं. आतड्याचा टीबी आणि क्रोन्स यांतला फरक ओळखणं इथे निष्णात डॉक्टरांनाही जड जातं, त्यामुळे पहिल्या वेळी एकेटी दिली यात चूक कुणाची नाही. पण तोच घोळ जाणूनबुजून दुसऱ्यांदा नको.

अँटिबायोटिकला क्रोन्समध्ये जागा आहेच. पोटात किंवा गुदद्वाराजवळ पू झाला, भगेंद्रासारखी वाट पडली, किंवा आतड्याचं ऑपरेशन झालं, की मेट्रोनिडाझोल किंवा सिप्रोफ्लॉक्सासिन ठराविक दिवस देतात. मेट्रोनिडाझोल लांबलं तर पायांना मुंग्या येतात, बधिरपणा राहतो. तसं झालं तर लगेच सांगायचं. दुकानातून आपल्या मनानं घेतलेल्या अँटिबायोटिकनं मात्र नुकसानच. आतड्यातले उपयोगी जीवाणू मरतात, क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल नावाचा जंतू माजतो आणि त्याचे जुलाब थेट क्रोन्स उलटल्यासारखे दिसतात. घरात जुलाब लागले की दुकानातून पाकीट आणायची आपल्याकडे सवय असते. तुमच्या मुलासाठी ती सवय मोडा.

‘प्रतिकारशक्ती दाबणारं’ या शब्दाबद्दलही थोडं बोलू, कारण मला वाटतं घरातली सगळी भीती त्या शब्दात साठली आहे. तो ऐकला की कुंपण काढून टाकलेलं शेत डोळ्यांपुढे येतं. ठरवून दिलेल्या डोसमध्ये तसं होत नाही. वारंवार भडकणाऱ्या पेशींची पैदास कमी होते, बाकीची राखण चालू राहते. धोका शून्य नाही, आणि तो मी लपवणार नाही: नागीण उठण्याची शक्यता वाढते, उन्हानं होणारे त्वचेचे काही कॅन्सर आणि लसिकाग्रंथींचा कॅन्सर यांचा धोका थोडा वाढतो, आणि पांढऱ्या पेशी अचानक घसरू शकतात. पण उपचार न केलेल्या क्रोन्सचाही धोका असतो, तो कुणी औषधाच्या पाकिटावर छापत नाही म्हणून दिसत नाही. आतड्याला भोकं पडतात, ऑपरेशनं होतात, माणूस खंगतो. आणि त्याला पर्याय म्हणून सारखं स्टिरॉइड घेत राहणं हे तर ॲझाथायोप्रिनपेक्षा कितीतरी वाईट.

त्यामुळे भीती आहे तर ती कामाला लावा. रक्ताची तपासणी, म्हणजे सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि लिव्हरची तपासणी, सुरुवातीला दर एक-दोन आठवड्यांनी होते आणि घडी बसल्यावर साधारण दर तीन महिन्यांनी. चौदा महिने झाले, आता काय होणार म्हणून पुष्कळ लोक ती सोडतात. सोडू नका. ताप, घसा धरणं, तोंडात फोड अशी लक्षणं आली तर त्याच दिवशी सीबीसी करा. आपल्याकडच्या बऱ्याच लोकांत एनयूडीटी१५ नावाच्या जनुकाचा असा प्रकार आढळतो की त्यांच्या पांढऱ्या पेशी या गोळीनं झपाट्यानं उतरतात आणि केस झडतात. तुमच्या मुलाला इतके महिने सोसली म्हणजे तो बहुधा त्यातला नाही, पण ज्यांना ही गोळी आता सुरू व्हायची आहे त्यांनी डॉक्टरांना ही तपासणी विचारावी. शेतात काम करताना पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि टोपी. पोलिओचे थेंब किंवा गोवर, कांजिण्या यांसारख्या जिवंत जंतूंच्या लसी त्याला चालत नाहीत. फ्लू आणि न्यूमोनियाच्या मृत लसी चालतात, घ्यायलाच हव्यात.

आणि दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलं की पहिलं वाक्य ‘मी ॲझाथायोप्रिन घेतो’ हे असायला हवं. माझ्या ओळखीच्या एक बाई ही गोळी घेत होत्या. पायाचा अंगठा सुजला म्हणून त्या दुसरीकडे गेल्या, युरिक ॲसिड वाढलेलं निघालं आणि ॲलोप्युरिनॉल सुरू झालं. ते औषध ॲझाथायोप्रिनचा निचरा होऊ देत नाही. तीन आठवड्यांत त्यांच्या पांढऱ्या पेशी इतक्या खाली आल्या की दवाखान्यात ठेवावं लागलं. कुणी कुणाला विचारलंच नव्हतं. मेथोट्रेक्सेट घेणाऱ्या वाचकांसाठीही सांगते: ती गोळी आठवड्यातून एकदाच. रोज घेतल्यानं जीव गेलेले आहेत. ठरावीक वार पक्का करा आणि कॅलेंडरवर खूण करा. त्यांनी को-ट्रायमॉक्साझोल हे साधं, स्वस्त अँटिबायोटिक न विचारता कधीही घेऊ नये. दोन्ही औषधं फोलिक ॲसिडच्याच वाटेवर घाव घालतात आणि रक्त बनणं थांबू शकतं. तसंच, क्रोन्स असो की कोलायटिस, अंगदुखीवर आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक टाळायचं, पॅरासिटामॉल घ्यायची.

डॉक्टरांकडे पुढच्या वेळी जाल तेव्हा जंतूचा वाद घेऊन जाऊ नका. एका कागदावर तीन प्रश्न लिहून न्या. आतड्याच्या जखमा भरल्या आहेत का, त्यासाठी विष्ठेतल्या कॅलप्रोटेक्टिनची (आतड्यातली सूज दाखवणारी) तपासणी किंवा पुन्हा दुर्बीण कधी करायची? ही गोळी आणखी किती वर्षं, आणि ती कमी करायचा विचार कशावरून करायचा? ती उद्या चालेनाशी झाली तर पुढचा पर्याय कोणता? या तीन प्रश्नांना डॉक्टर पाच मिनिटंही देत नसतील तर दुसऱ्या पोटविकारतज्ज्ञाचं मत घ्या. त्यात डॉक्टरांचा अपमान नाही.

आता धारोष्ण दुधाच्या पेल्याकडे येते. ताई, तो तुमच्या मनातून उतरवून ठेवा. कोल्हापुरात म्हशीची धार थेट पेल्यात काढून पिणं हा पिढ्यान्‌पिढ्यांचा शिरस्ता आहे. पैलवानांपासून शाळकरी पोरांपर्यंत हजारो जण असं दूध पीत आले. त्यातल्या फार थोड्यांना क्रोन्स झाला, आणि ज्यांनी आयुष्यात गोठा पाहिला नाही अशा शहरी मुलांनाही तो होतो. ब्रिटनमध्ये जोन्स रोग झालेल्या गुरांत वावरणाऱ्या दूधवाल्या शेतकऱ्यांची पाहणी झाली. त्यांच्यात क्रोन्स जास्त आढळला नाही. जंतूचा काही वाटा असलाच तरी तो अनुवंश आणि इतर पुष्कळ गोष्टींबरोबरचा एक धागा असेल. तुम्ही पोराला घरातली सगळ्यात चांगली वस्तू दिलीत.

यापुढे मात्र कच्चं दूध त्याला नको, घरात कुणालाच नको. जोन्सचा प्रश्न बाजूला ठेवला तरी कच्च्या दुधातून गुरांचा टीबी, ब्रुसेला, लिस्टेरिया येतात, आणि ॲझाथायोप्रिन घेणाऱ्याला ते परवडणारे नाहीत. दूध वर येईपर्यंत चांगलं उकळलं की हे सगळे जंतू मरतात. पाश्चराइज्ड पिशवीचं दूधही आपल्या सवयीप्रमाणे उकळावं. उकळलेल्या दुधाचं दही-ताक त्याला सोसत असेल तर बंद करायचं कारण नाही.

आणि तो तिसरा प्रश्न. तुमच्या सहा पानी पत्रात वडिलांचं मत आहे, काकांचं आहे, पुतण्याचं आहे, डॉक्टरांचं एक वाक्य आहे. ज्याच्या पोटात ही गोळी जाते त्याचं मत एकाही ओळीत नाही. तो २४ वर्षांचा आहे. चार वर्षांत तो किती रात्री संडासात बसून राहिला, कुठल्या लग्नाला गेला नाही, गोळी घेताना त्याला भीती वाटते की हायसं, हे फक्त त्यालाच माहीत. एखाद्या संध्याकाळी घरात बाकी कुणी नसताना त्याला विचारा. हे पत्रही त्याला वाचायला द्या. पुतण्याला बरोबर घेऊन दोघांनी डॉक्टरांकडे जावं, असं मला फार वाटतं. शिकलेला भाऊ शेजारी बसून रक्ताच्या रिपोर्टांची वही ठेवू लागला तर त्याचा उपयोग कुठल्याही वादापेक्षा जास्त होईल.

गोठ्याचं एक काम राहिलं. मेलेल्या गाईची कालवड अजून दावणीला आहे असं तुम्ही लिहिलंत. जोन्स रोग वासरांना लहानपणीच, आईच्या शेणातून आणि दुधातून लागतो, आणि दोन वर्षांनंतर कधीतरी दिसू लागतो. पातळ शेण आणि खाऊनही वाळत जाणं हीच त्याची खूण. पशुवैद्यांना बोलावून तिचं शेण आणि रक्त तपासायला द्या. या रोगावर आपल्याकडे मथुरेजवळच्या मखदूम इथल्या केंद्रीय शेळी संशोधन संस्थेत पुष्कळ काम झालं आहे, त्यामुळे पशुवैद्यांना ही तपासणी नवखी वाटायची नाही. रिपोर्ट येईपर्यंत कालवड वेगळी बांधा, तिचं शेण लहान वासरांच्या चाऱ्या-पाण्याजवळ जाऊ देऊ नका, आणि तिची उस्तवारी मुलाऐवजी दुसऱ्या कुणाकडे सोपवा.